सासूच्या माहेरी बाळंतपण

आत्याबाईंना दिवस गेलेत हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि ते कळलं चुलीमुळे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मला तेव्हा तिसरा महिना सरत आला होता आणि भाजलेल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. दुपारी सगळी माणसं मळ्यात गेली की मी चुलीच्या मागच्या कडेचा बारीक टवका नखानं काढायची आणि जिभेवर ठेवून विरघळू द्यायची. एक दिवस बघते तर पुढच्या कडेचाही टवका उडालेला. तो काही मी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी आणायला म्हणून निघाले आणि घागर विसरली म्हणून परत आले, तर आत्याबाई चुलीपुढे उकिडव्या बसलेल्या, गाल फुगलेला, ओठाला माती. मला बघून त्यांनी पदर तोंडावर घेतला. मग त्या पदराआडून हसायला लागल्या आणि मलाही हसू आवरेना. दोघी चुलीच्या दोन बाजूंना बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. त्या चौतीस वर्षांच्या होत्या. मी पंधरा.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं कळंब. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. वडलांच्या पदरात आम्ही दोघी बहिणी. थोरलीचं जमलं तेव्हा वडील मला म्हणाले, ‘हिरे, तुझं बी याच मांडवात उरकून टाकतो, पुन्यांदा मांडव कोण घालायचा.’ त्यांचंही चुकत नव्हतं. घरात बाईमाणूस नाही, ते दिवसभर दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायला जाणार, मोठी होत चाललेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची. पिंपळीहून मामंजी, म्हणजे माझे सासरे, मला बघायला आले. माळ्याचं घर, कॅनॉलखालची जमीन, वांगी, मेथी, कोथिंबीर करून बारामतीच्या बाजारात न्यायची. त्यांनी मला चालून दाखव, शिवून दाखव असलं काही म्हटलं नाही. पिशवीतून मेथीचा भारा काढला आणि म्हणाले, ‘जुडी बांध.’ मी पाच-सहा बांधल्या. त्यांनी एक हातात धरून झटकली, एकही काडी पडली नाही. लग्न ठरलं. त्यांच्या घरात बांधणारे हात कमी होते आणि आमच्या घरात खाणारं तोंड जास्त होतं. तेरा वर्षांच्या पोरीला हे सगळं तेव्हा कळलं नव्हतं, मला फक्त आपण जुडी चांगली बांधली याचा अभिमान वाटला होता.

आज माझी नात हे ऐकते तेव्हा कपाळाला हात लावते. पण मी खोटं कशाला सांगू, सासरी मी सुखात होते. माझी नणंद छबू बारा वर्षांची. रीतीप्रमाणे मी तिला ‘वन्सं’ म्हणायची आणि ‘अवंजावं’ करायची, आणि तशीच आदरानं बोलत तिच्या वेण्या ओढायची. आम्ही दोघी पाटाच्या कडेला सागरगोटे खेळायचो. आत्याबाई कामाला हाक मारायला यायच्या, उभ्या उभ्या बघायच्या, ‘आसं न्हवं, वर टाक’ म्हणायच्या आणि दोन डाव स्वतः खेळून जायच्या. पहाटे जात्यावर एका बाजूला त्या, एका बाजूला मी. त्यांचा आवाज भरदार होता आणि पीठ संपलं तरी ओवी संपायची नाही. मला आई नव्हती आणि त्यांना मोठी लेक नव्हती. त्यांचं पहिलं मूल मुलगीच होती, ती राहिली नाही, एवढं मला छबूकडून कळलं होतं. नंतर आमचे हे, मग काही गेली, मग छबू.

तर सासू आणि सून दोघींना एकदमच. आत्याबाईंना लाजेनं मरण आलं. त्या पदर असा काही आवळून घ्यायच्या की बाजारात बसून त्यांनी वांगी विकली तरी कुणाला समजलं नाही. पण पाचव्या महिन्यात पदर पुरेना. वस्तीवरच्या बाया पाणवठ्यावर आत्याबाईंना विचारायच्या, ‘गजराबाई, डोहाळजेवण कुणाचं म्हनायचं?’ आमचे हे तर घरात येईनासेच झाले. अठरा वर्षांचा मुलगा, स्वतः बाप व्हायचा आणि भाऊही व्हायचा, त्याचे मित्र त्याला सोडतील कसे.

पहिलं बाळंतपण माहेरी. पण माझ्या माहेरी चूल पेटवायलाच कुणी नव्हतं. मामंजी म्हणाले, राहू दे, सुईण इथंही आहे. तेव्हा आत्याबाईंनी ठरवलं आणि एकदाच सांगितलं, की मी माझ्या आईकडं जाते आणि हिला बरोबर नेते. सासूच्या माहेरी सून बाळंतपणाला गेल्याचं त्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. आठवा लागला तशा आम्ही दोघी वडगाव निंबाळकरला निघालो. छबू घरी राहिली, चूल आता तिच्याकडे.

वडगावच्या आई, म्हणजे आत्याबाईंच्या आई, तेव्हा पन्नाशीच्या होत्या. त्या घरात हिशेब सरळ होता, दर पंधरा-सोळा वर्षांनी एक बाई आई होत आलेली. नवरा लवकर गेला, मुलगा नाही, तर दोन एकराचा मळा त्या एकट्या करायच्या. स्वतः बैल जुंपायच्या, स्वतः गाडी हाकत बारामतीला भाजी न्यायच्या, बैलांशी अखंड बोलायच्या. ‘सरज्या, पुढं उतार हाय बाबा’, असं. आम्हाला बघून त्या दारातच थांबल्या, दोघींच्या पोटांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाल्या, ‘येक खाट हाय. उजवीकडं थोरली, डावीकडं धाकटी.’

तो दीड महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाडाचा. सकाळी बाजरीची खीर, वर तुपाचा गोळा. दुपारी भाकरी, शेपूची भाजी, ताकातली कढी. शेजारी धनगरांचं घर होतं, त्यांची ठकूबाई शेळीचं धारोष्ण दूध लोटीत घेऊन यायची आणि आम्ही ते संपवीपर्यंत समोर बसायची. आत्याबाई तिथे सासू राहिल्याच नाहीत. आईपुढे त्या हट्ट करायच्या, मला ह्याच भांड्यात पाहिजे, तिला साय जास्त दिली. मी आजवर त्यांना पाय पसरून बसलेलं पाहिलं नव्हतं. वडगावला त्या पाय पसरून बसायच्या आणि आई त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावायच्या. मग माझ्या. कुणी आपल्या पायाला तेल लावावं याची मला सवयच नव्हती, मी पाय ओढून घ्यायची. त्या माझा घोटा धरून म्हणायच्या, ‘गप बस. ह्या पायावर घर उभं ऱ्हायाचं हाय.’

माझं दुखायला लागलं ते एका सकाळी. सुईण आली, भली बाई होती, तिनं तिला येत होतं ते सगळं केलं. तो दिवस गेला. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिनं हात धुतले आणि वडगावच्या आईंना बाजूला नेऊन सांगितलं, की डोकं येतंय आणि थांबतंय, पोर लहान आहे, माझ्या हातचं राहिलं नाही. आईंनी विचारात वेळ घालवला नाही. बाजाराचा दिवस होता, गाडी मेथीनं भरून दारात उभी होती. त्यांनी आणि ठकूबाईनं ती मेथी अंगणात ओतली, खाली कडबा अंथरला, वर गोधडी टाकली आणि मला उचलून ठेवलं. आत्याबाई पोट सांभाळत चाकावरून चढल्या. आईंनी बैलांना हाळी दिली. कॅनॉलच्या रस्त्यानं बारामती, सूर्य वर यायच्या आत निघालो ते डोक्यावर आला तेव्हा पोचलो. मला त्या वाटेचं थोडकंच आठवतं. कडब्यात राहून गेलेल्या मेथीचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसुरी आवाज आणि आत्याबाईंची मांडी. त्यांच्या पोटातलं मूल माझ्या डोक्याला लाथ मारायचं. मी तसं सांगितलं तर त्या रडत होत्या त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुजा दीर हाय त्यो. तुला उठ म्हनतोय.’

दवाखान्यातल्या नर्सबाई उंच होत्या, पांढरं लुगडं, बोलणं कमी. त्यांनी मला तपासलं, डॉक्टरांना बोलावणं पाठवलं आणि मग वय विचारलं. वडगावच्या आई म्हणाल्या, अठरा. नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मलाच विचारलं, शाळेत गेली होतीस का. मी म्हणाले, चौथी पास झाले, तेव्हा बाराव्या वर्षात होते, त्यानंतरचा हा तिसरा उन्हाळा. त्यांनी मान हलवली. आत्याबाईंकडे वळून त्यांनी कितवा महिना म्हणून विचारलं, आणि कितवं. आत्याबाई म्हणाल्या, सातवं, दोन आहेत.

‘पहिलं राहिलं नाही का?’

‘पयली लेक. हिच्यासारकंच, तीन दिस. मेलेलीच आली.’ आत्याबाई खाली बघत म्हणाल्या. ‘मी गिराणात भाजी चिरली हुती.’

नर्सबाई माझ्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. तो हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘ग्रहणात भाजी चिरल्यानं काही होत नाही. तुमचं वय काय होतं तेव्हा?’

‘हिच्याच येवढं.’

‘मग तुमची हाडं वाढायची होती अजून. हिचीही आहेत. आईचंच अंग पुरतं झालेलं नसतं, तर बाळाला वाट कुठून मिळणार? तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं, बाई.’

मी कळांनी अर्धमेली झाले होते, तरी तो क्षण माझ्या डोळ्यांपुढे लख्ख आहे. आत्याबाईंनी आपल्या आईकडे बघितलं. वडगावच्या आईंनीही त्यांच्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं एकीनं स्वतःला दोष दिला होता, आणि दुसरीनं, मला नंतर समजलं, लेकीला तो दोष सगळ्यांत आधी स्वतः दिला होता. आत्याबाई खाली फरशीवर बसल्या. आईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग डॉक्टर आले आणि दोघींना बाहेर काढलं.

मुलगी झाली. चिमटा लावून काढली, डाव्या भुवईच्या वर वळ उठला होता, पण रडली अशी की बाहेर बैल बुजले, असं वडगावच्या आई पुढे आयुष्यभर सांगत होत्या. मी आठ दिवस दवाखान्यात. ताप आला, दूध आलं नाही. ठकूबाईनं आपली एक दुभती शेळी बारामतीला पाठवून दिली, ती दवाखान्याच्या मागच्या कडुनिंबाला बांधलेली असायची आणि नर्सबाई तिला काही न बोलता तिच्या बाजूनं जायच्या. आम्ही परत वडगावला आलो त्याला तीन दिवस झाले असतील. आत्याबाई अंगणात लसूण निसत बसल्या होत्या. एकदम उठल्या, सूप बाजूला ठेवलं, सुईणीला हाक मारा म्हणाल्या आणि आत गेल्या. ऊन ओट्यावरून खाली उतरायच्या आत मुलगा झालेला. माझा दीर, माझ्या लेकीपेक्षा अकरा दिवसांनी लहान.

त्यांना दूध असं लोटलं की दोन पोरांना पुरून उरावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, ‘आन तिला.’ उजवीकडे मुलगा, डावीकडे नात. माझी लेक तोंड लावल्याबरोबर अशी शांत झाली, की मीच रडायला लागले. त्या म्हणाल्या, ‘रडतीस कशाला, तुझ्याच घरचं दूध हाय.’ नंतर मलाही थोडं आलं, तेव्हा दोघी ज्याला भूक लागेल त्याला घ्यायचो. कधीकधी माझ्या मांडीवर दीर आणि त्यांच्या मांडीवर नात, आणि वडगावच्या आई मध्ये बसून डिंकाचे लाडू वळत म्हणायच्या, यातलं कुठलं पोर कुणाचं हे ठरवून ठेवा, जमीन वाटताना घोटाळा होईल. आज दोघं सत्तरीला आली आहेत. माझी लेक अजूनही त्याला चारचौघांत ‘काका’ म्हणते आणि तो अजूनही चिडतो.

सव्वा महिन्यानं पिंपळीला आलो तर घरात निराळीच धांदल. आमच्या बांधाला लागून ज्यांचा मळा, त्यांच्या मुलासाठी छबूला मागणी होती. सोयरीक झाली असती तर कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून दरवर्षी होणारी भांडणं मिटणार होती. मामंजींनी जवळपास शब्द दिला होता आणि आता तारीख धरायला पाहुणे येणार होते. छबू अंगणात नाचत होती, तिला हिरवं लुगडं आणि चांदीचे पैंजण मिळणार होते.

पाहुणे आले, चार माणसं. घोंगडीवर बसले, गुळाचा चहा पुढे ठेवला. आत्याबाई दोन्ही पोरं घेऊन आतल्या उंबऱ्याशी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर. लग्नाची बोलणी निघाली आणि त्या आतूनच म्हणाल्या, ‘छबूचं येवढ्यात करायचं न्हाय.’

त्या घरात बाईचा आवाज पुरुषांच्या बैठकीत कधी गेला नव्हता. पाहुण्यांतले वडीलधारे होते ते मामंजींना म्हणाले, ‘तात्या, आत काय म्हनत्यात ते आत बगा. हितं आपलं बोलू.’ मामंजींचा चेहरा उतरला. ते उठून उंबऱ्याशी आले, हळू आवाजात काही सांगायला. आत्याबाईंनी काही ऐकून घेतलं नाही. त्यांनी माझी लेक उचलली आणि मामंजींच्या हातात दिली. मामंजींनी तोवर नातीला घेतलं नव्हतं, पुरुष लहान पोर घेत नसत. ते अवघडून उभे राहिले.

‘हिच्या कपाळावरचा वळ बगा,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘चिमट्यानं वडून काडलीया. हिरी दोन दिस वरडत हुती आन माझ्या हातात काय बी न्हवतं. मी माझी येक अशीच घालवली. आता मला म्हाईत हाय कशानं घालवली. छबूचं आसं मी बगायची न्हाय. तुमाला करायचं आसंल तर मी वडगावला जाती, दोनी पोरं आन छबू घिऊन.’

हे सगळं त्या ओरडून बोलल्या नाहीत. भाकरी झाली आहे, जेवायला या, अशा आवाजात बोलल्या. मामंजी नातीकडे बघत राहिले. तिनं त्यांचं बोट धरलं होतं. ते तसेच बैठकीत परत गेले आणि खाली बसून म्हणाले, ‘पावणं, पाच-सा वरसं थांबता का?’

पाहुणे थांबले नाहीत. चहाचे कप तसेच ठेवून गेले. त्या उन्हाळ्यात आमची पाण्याची पाळी तीनदा चुकली आणि खालच्या वाफ्यातला कोबी वाळून गेला. मामंजी बांधावर उभे राहून तो बघायचे, घरी येऊन त्याबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. सगळ्यात जास्त रागावली ती छबूच. दोन दिवस जेवली नाही. माझ्या तान्ह्या लेकीपुढे बसून तिला म्हणायची, तुझ्या कपाळापायी माझं लुगडं गेलं. तिला शाळेत घातलं, तर ती तिथून पळून मळ्यात यायची. शेवटी वडगावच्या आई तिला बाजाराला घेऊन जाऊ लागल्या आणि तिथं मात्र ती खुलली. सोळाव्या वर्षी बारामतीच्या बाजारात भाव पाडून मागणारा तिच्यापुढे टिकायचा नाही. माझ्यावरही आत्याबाईंनी लक्ष ठेवलं. दोन्ही पोरांना रात्री सांभाळायला म्हणून त्यांनी मला आपल्याजवळ निजवलं आणि आमच्या ह्यांना मळ्याच्या राखणीला खोपटात पाठवलं. ती राखण चांगली तीन वर्षं चालली. माझं दुसरं मूल माझ्या विसाव्यात झालं, ह्यांनी कुरकूर केली असेल ती बैलांपाशी.

छबूचं लग्न विसाव्या वर्षी झालं, माझ्याच कळंबमध्ये. बाविसाव्यात ती पिंपळीला बाळंतपणाला आली. तेव्हा वस्तीपर्यंत नर्सबाई यायला लागल्या होत्या. सकाळी दुखायला लागलं तसा आत्याबाईंनी मोठा हंडा चुलीवर चढवला, कंदिलात तेल भरलं, दोन दिवसांचं सरपण आत आणून रचलं. मीही धुणं काढून ठेवलं आणि तीन दिवसांची भाकरी कुणी करायची ते ठरवून टाकलं. आम्हाला दोघींना पहिलटकरणीचं तेवढंच माहीत होतं. दुपारची जेवणं झाली नसतील, तोच आतून पोराचं रडणं आलं. त्यामागोमाग छबूचा खणखणीत आवाज आला, की मला भूक लागली आहे, भाकरी आणि मिरचीचा ठेचा द्या. नर्सबाई आतून म्हणाल्या, ठेचा नाही मिळायचा.

मी आत जाऊन आले आणि आत्याबाईंना सांगायला बाहेर बघते तर त्या ओट्यावर नाहीत. त्या गोठ्यात होत्या, गाईच्या पाठीवर हात टेकून उभ्या. गाल ओले होते आणि तोंडावर हसू होतं. मी म्हणाले, मुलगा झाला, वन्सं जेवायला मागतायत. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, ‘हिरे, पयलं आसं बी आस्तं व्हय गं?’

मला काय माहीत असणार. मीही ते पहिल्यांदाच बघत होते.